होडी सुटली, रिमोट खिशात

मागच्या अंकात विहिरीची मोटार फोनच्या रिंगवर चालू-बंद करणाऱ्या मोबाइल स्टार्टरबद्दल लिहिताना मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की आमच्या नाथसागरावर आता होडीच्या मोटारीलाही रिमोट येऊ लागलाय. स्टार्टर राहिला बाजूला, त्या एका ओळीवरच पत्रं आली. पैठणला एकतीस वर्षं मोटार रिवाइंडिंग केलं, पण होडीवाल्यांनी एवढं विचारलं नव्हतं. म्हणून हे सदर यावेळी सगळं पाण्यातलं. एका ताईंचं पत्र मुद्दाम सगळ्यांच्या आधी घेतोय.

प्रश्न : मिस्त्रीभाऊ, आमचे मालक येलदरीच्या पाण्यात रात्री जाळं टाकतात. आधी पोरगा वल्ह्याला असायचा. यंदा पोरानं बॅटरीवरची मोटार बसवून दिली, वर रिमोट. आता मालक एकटेच जातात, पोरगा घरी झोपतो. मला एवढंच सांगा, रिमोट यांच्या खिशात आणि हे पाण्यात पडले, तर होडी थांबते का पुढं जाते? पोरगा म्हणतो, थांबते. माझा काही विश्वास बसंना. — एक वाचक भगिनी, ता. जिंतूर

ताई, तुमचा विश्वास बसत नाही तेच बरं आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, रिमोट किती लांबून चालतो? पन्नास फूट की शंभर? रिमोटचं ऐकू आलं नाही तर मोटार काय करते, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्या.

याचं उत्तर मला पुस्तकातून नाही मिळालं. २०१९ च्या मार्चमधली गोष्ट. कायगाव टोक्याकडं माझ्या मेव्हण्याची फायबरची होडी आहे. तिला मी हौसेनं बारा व्होल्टची मोटार लावली आणि रिमोटचा रिसिव्हर स्वतः जोडला. या स्वस्त रिसिव्हरच्या प्लेटवर एक बारकी पिन असते. ती एका जागी ठेवली तर बटण दाबून धराल तेवढाच वेळ मोटार चालते. दुसऱ्या जागी ठेवली की एकदा दाबलं, मोटार चालू, आणि बंदचं बटण दाबेपर्यंत चालूच. अंगठा दुखू नये म्हणून मी दुसरी जागा निवडली. ‘पुढं’ दाबलं, रिमोट शर्टाच्या खिशात टाकला आणि मेव्हण्याला ऐट दाखवायला उभा राहिलो. तेवढ्यात पाण्याखालच्या बाभळीच्या बुंध्याला होडी घासली अन् मी पाण्यात. मेव्हणा काठावर उभा होता, होडीत मी एकटाच.

मार्च होता म्हणून पाणी छातीएवढं. होडी मात्र निवांत पुढं चालली, माझ्याशिवाय. मी पाण्यातच खिसा चाचपून बंदचं बटण दाबतोय, दाबतोय, काही नाही. हात वर काढून दाबलं, तोवर रिमोटमध्ये पाणी शिरलेलं. शेवटी होडी कुणाच्या तरी तंगूसात घुसली आणि पंख्याला जाळं गुंडाळून थांबली. जाळं भरून द्यावं लागलं. मेव्हणा अजूनही प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतो, आणि दर वेळी पाणी फूटभर वाढवतो.

म्हणजे ताई, साध्या रिमोटवर होडी पुढं जाते. पुष्कळ महागड्या ट्रोलिंग मोटारींचे, म्हणजे होडीसाठीच बनवलेल्या बॅटरीच्या मोटारींचे, रिमोटसुद्धा शेवटचा हुकूमच पाळत राहतात. पाण्यात बुडालेला रिमोट मुका होतो, कारण या लहरींना पाणी पार करता येत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा रिमोट वीत-दीड वीत पाण्याखाली गेला की वर काही पोचत नाही.

याच दोषाचा कुणीतरी उलटा उपयोग केलाय. बिनतारी ‘किल स्विच’ नावाची वस्तू येते. मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची डबी. ती दर क्षणाला ‘मी आहे, मी आहे’ असं सांगत राहते. माणूस पाण्यात पडला की डबी बुडते, आवाज तुटतो आणि होडीवरचा रिसिव्हर स्वतःहून मोटार बंद करतो. दोघांतला फरक ध्यानात घ्या. साध्या रिमोटला मोटार थांबवायला निरोप पाठवावा लागतो. किल स्विचला मोटार चालू ठेवायला निरोप लागतो. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या आणि ३ हॉर्सपॉवर किंवा त्यावरचं इंजिन असलेल्या होड्यांना, वेगात असताना असा स्विच वापरणं सक्तीचं झालं. तो बिनतारीच पाहिजे असं नाही, दोरीचाही चालतो.

तुमच्यासाठी मी दोरीचाच सांगीन. लाल टोपीचा स्विच येतो, त्यातली चाप दोरीनं मनगटाला बांधायची. माणूस गेला की चाप निघाली, मोटार बंद. पोराला एक बजावा : हा स्विच मोटारीच्या जाड वायरीत घालायचा नाही. तिथून पन्नास अँपिअर जातात, स्विच जळून चिकटून बसेल आणि ऐन वेळी तुटणारच नाही. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठी लाइन जोडणारा-तोडणारा स्विच; त्याच्या कॉइलला जी बारीक वायर जाते, त्यात घालायचा. मोटारीला वेगाचा कंट्रोलर असेल तर स्विचनं एक मोठा रिले तोडायचा आणि त्या रिलेनं बॅटरीची लाइन.

आणि पोराचं म्हणणं खरं का खोटं, ते तुम्ही स्वतः बघा. होडी काठाच्या झाडाला दोरीनं पक्की बांधायची. मोटार हळू चालू करायची. रिमोट पॉलिथिनच्या पिशवीत गाठ मारून घालायचा आणि कोपरभर पाण्यात बुडवायचा. मनात दहापर्यंत मोजा. मोटार थांबली तर पोरगा खरा. नाही थांबली तर त्या रात्री मालकांना एकटं सोडू नका.

खरं म्हणजे मला काळजी रिमोटची नाही. रिमोटचा फायदा हाच, की दोन्ही हात जाळ्यात राहतात. पूर्वी एक जण जाळं सोडायचा, एक वल्हं धरायचा. रिमोट आला आणि वल्हं धरणारा होडीतून उतरला. पण तो नुसतं वल्हं धरत नव्हता ना. तुम्ही पत्रात तेच लिहिलंय, ‘पोरगा घरी झोपतो’. निदान पहिला महिनाभर तरी त्याला झोपू देऊ नका. आणि लाइफ जॅकेट मालकांच्या अंगात पाहिजे. होडीत बसायला गादी म्हणून नको.

प्रश्न : काठावर रिमोट एकदम चकाचक चालतो. धरणात मधी गेलो आणि जोरात सोडली की मोटार बंद, रिसिव्हरचा दिवा गुल. जरा थांबलं की परत येतो. दुकानदार म्हणतो, धरणात रेंज नाही. नवीन रिमोट घ्यावा का? — एक मच्छीमार, माजलगाव

रेंज कशाची नाही? रिमोट तुमच्या हातात आणि रिसिव्हर त्याच होडीत, मध्ये दहा फूट. टॉवरशी त्याचा काही संबंध नाही. दुकानदाराला दुसरा रिमोट खपवायचा असेल.

तुमच्या पत्रात पुढं बारीक अक्षरात एक ओळ आहे, ‘बॅटरी मागं, मोटार पुढं, वायर घरातली शिल्लक होती ती अडीच एमएमची’. दुखणं तिथं आहे.

हिशोब करू. बॅटरीपासून मोटारीपर्यंत तीन मीटर धरले, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या) सहा मीटर वायरीचा रोध साधारण ०.०४ ओहम. घरात पंख्याला पाव-अर्धा अँपिअर लागतो, तिथं याचा पत्ताही लागत नाही. पण ५५ पाउंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोरानं ढकलणारी, मोटार पूर्ण जोरावर पन्नासच्या आसपास अँपिअर ओढते. पन्नास गुणिले ०.०४ म्हणजे दोन व्होल्ट वायरीतच गेले. लोडवर बॅटरी साडेअकराला आली असली तर मोटारीपाशी साडेनऊ पोचतात. रिसिव्हर तिथूनच जोडलाय, तो तेवढ्यात मान टाकतो. मोटार थांबली की लोड गेला, व्होल्ट वर आले, दिवा पेटला. काठावर तुम्ही हळू चालवून बघता, म्हणून तिथं कळत नाही. आणि वायर हाताला गरम लागते का, बघितलं का कधी? शंभर वॅट तिच्यात जळतात.

सोळा एमएमची वायर टाका, दोन व्होल्टच्या जागी पाव-अर्धा व्होल्ट जाईल. टोकाला थिंबल, म्हणजे भोकाची धातूची टोपी, दाबून बसवा, नुसती तार पिळून नटाखाली घालू नका. बॅटरीच्या प्लसपाशी, वीतभराच्या आत, साठ अँपिअरचा डीसी ब्रेकर. रिसिव्हरला स्वतःची बारीक वायर थेट बॅटरीच्या टोकावरून, छोटा फ्यूज घालून द्या. रिमोट आहे तोच राहू द्या.

दुसरं, शंभर अँपिअर-अवरची लेड बॅटरी म्हणजे पन्नास अँपिअरला दोन तास, हा हिशोब कागदावरचा. तिला निम्म्याखाली उतरवत गेलात तर वर्षात बसते. पूर्ण जोरावर तास धरा, तोही जेमतेम. पण अर्ध्या वेगानं चालवलीत तर नुसती दुप्पट नाही, कितीतरी पट पुरते. पाण्याला वेग वाढवायचा दाम फार चढा लागतो. बाजाराला मासा वेळेवर पोचवायचाय म्हणून येताना सगळे जोर लावतात आणि मध्येच वल्हं काढतात. त्यापेक्षा पाऊण तास आधी निघा.

प्रश्न : माझ्या विहिरीवरचा थ्री फेजचा मोबाइल स्टार्टर पडून आहे. विहीर आटली. शेजारच्या शेततळ्यात मासे सोडलेत, तिथल्या छोट्या होडीच्या मोटारीला तो बसवता येईल का? — एक शेतकरी, ता. गंगापूर

नाही. तीन कारणं, आणि तिन्ही वेगळी.

तुमच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे लाइन जोडणारा-तोडणारा भाग, चारशे व्होल्टच्या एसीसाठी आहे. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळं संपर्क सुटताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ओढली जाते, पॉइंट जळतात, कधी चिकटतात. दुसरं, त्याच्या कॉइलला लागणारे व्होल्ट होडीत आणणार कुठून? तिसरं म्हणजे वेळ. विहिरीची मोटार रिंग गेल्यावर पाच सेकंदांनी बंद झाली तर काय बिघडतं? ताशी पाच किलोमीटरनं जाणारी होडी पाच सेकंदांत सात मीटर जाते. तुमच्या शेततळ्यात सात मीटर म्हणजे बांध, आणि बांधावर प्लास्टिकचा कागद. फाटला की माशांसकट पाणी गेलं.

शेततळ्यात खाद्य टाकायलाच होडी हवी ना? दोन्ही काठांना दोरी ताणा आणि होडी दोरीनं ओढा. स्टार्टर विकून टाका, विहिरीला पाणी आलं की परत घ्या.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं, एक बटण दाबलं की मोटार होडीला एकाच जागी उभी ठेवते, नांगर टाकावा लागत नाही. विष्णुपुरीच्या पाण्यात गळ टाकायला उपयोगी पडेल का? — एक हौशी, नांदेड

पडेल, पैसे असतील तर. मोटारीत जीपीएस असतो आणि होकायंत्र असतं. बटण दाबलं की ती जागा लक्षात ठेवते. वाऱ्यानं होडी सरकली की मोटार स्वतः तोंड वळवते आणि जरा ढकलते, परत सरकली की परत ढकलते. साधा जीपीएस दोन-चार मीटर इकडंतिकडं चुकतो, त्यामुळं अगदी खिळा ठोकल्यासारखी होडी उभी राहील असं समजू नका. दोन गोष्टी सांभाळा. होकायंत्राजवळ लोखंड नको. रिमोटमध्ये होकायंत्र असेल तर तो पान्ह्यांच्या पेटीवर किंवा स्पीकरवर ठेवू नका, होडी गोल फिरायला लागते. आणि वारं असलं की ही मोटार दिवसभर बॅटरी पीत राहते.

धंद्याच्या मासेमाराला मी हे सांगणार नाही. आमच्याकडं दोरीला बांधलेला धोंडा हेच काम करतो आणि चार्जिंगला लावावा लागत नाही. हौसेला मोल नाही, तुमचं वेगळं. मरळ लागली तर कळवा.

मोटार किती मोठी घ्यावी, तेही तुम्ही विचारलंय. होडी, माणसं, बॅटरी, सामान मिळून जे वजन होईल त्याच्या दोन टक्के जोर, हा ठोकताळा. पाचशे किलोला दहा किलो, म्हणजे बावीस पाउंड. तो थांबलेल्या पाण्याचा हिशोब आहे. गोदावरीला ओढ असते, वारंही असतं, म्हणून दुप्पट धरा. आणि दरवाजे उघडणार अशी सूचना असेल त्या दिवशी कितीही पाउंडाची असली तरी घरी बसा.

प्रश्न : पेट्रोलच्या आऊटबोर्ड इंजिनाला रिमोट लावता येतो का? — मांजरा धरणाकाठचे एक वाचक

येतो, पण लावू नका. थ्रॉटलची केबल, गिअरची केबल आणि वळवायचा दांडा, तिन्हींना वेगवेगळ्या छोट्या मोटारी लागतात. थ्रॉटल वर असताना गिअर पडला तर गिअरपेटी गेली. एवढ्या पैशात दुसरं इंजिन येतं. इंजिनावर लाल दोरीचा स्विच कंपनीनंच दिलेला असतो. पुष्कळांनी तो कंटाळून तारेनं कायमचा बांधलेला मी बघितलाय. तुमचाही बांधलेला असेल तर ती तार आज काढा.

प्रश्न : बॅटरीच्या मोटारीला परवाना लागतो का? — एक वाचक, पैठण

२.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी आपल्याकडं बिनपरवाना खुली आहे, रिमोटचं काही अडत नाही. पाण्याचं अडतं. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. मोटार लावण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात आणि आपल्या मच्छीमार सोसायटीत तोंडी नाही, लेखी विचारा. बॅटरीची मोटार आवाज करत नाही हे खरं, पण रोहित पक्ष्यांच्या थव्यात आवाज न करता घुसलात तरी ते उडणारच.

जलपर्णीचंही याच पत्रात आलंय. पंख्याला गुंतली तर आधी ब्रेकर पाडा, मग हात घाला. रिमोट बाजूला ठेवलाय एवढ्यावर हात घालू नका. तुमच्या गुडघ्याखाली बटण दाबलं जाईल आणि बोटं जातील.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात रिमोटची होडी करणार आहे. सर म्हणाले, पहिला रिमोट कुणी केला ते लिहून आण. — एक विद्यार्थी, अंबाजोगाई

बाळा, सरांना सांग, गाडीच्या आणि टीव्हीच्या आधी रिमोट होडीलाच लागला. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात चार-एक फुटांची लोखंडी होडी सोडली आणि लांबून तारेशिवाय ती वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. त्याआधी तीन वर्षं, १८९५ ला, आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती. तेही लिही. टेस्लाची होडी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असं सांगतात. कुणीतरी चौसष्टचं घनमूळ विचारलं आणि होडीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला. बटण अर्थात टेस्लाच दाबत होता. या सदराचंही असंच आहे.

आता तुझी होडी. थर्मोकॉलची कर, पण रिसिव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर उभी ठेव, थर्मोकॉलच्या तळाशी चिकटवलीस तर पाण्याजवळ सिग्नल मरतो. मोटारीला दोन सेल एकाला एक जोडून दे, रिसिव्हरला वेगळे दे. वर माजलगावच्या काकांचं उत्तर वाच, तुझीही तीच अडचण होणार आहे. आणि प्रदर्शनाच्या हौदात सोडण्याआधी मागं दोन हात सुतळी बांधून ठेव. परीक्षक आले की सोड, गेले की सुतळीनं ओढून घे.

(पुढच्या अंकासाठी ताईंनी काठावरच्या चाचणीचं काय झालं ते जरूर कळवावं. मोटार थांबली तर पोराचं नाव छापू.)